वाचकांचे प्रश्न : अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या अंकात थायरॉइडच्या अँटीबॉडीबद्दल (अँटीबॉडी म्हणजे जंतूला धरायला शरीर बनवतं ते प्रोटीन) मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाही. बरेच प्रश्न रिपोर्ट हातात धरून, घाबरून लिहिलेत हे वाचताना कळत होतं, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३४. दोन-तीन महिने बोटं दुखत होती म्हणून डॉक्टरांनी एएनए टेस्ट सांगितली. रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड असं आलंय. नेटवर बघितलं तर सगळीकडे ल्युपस. तीन आठवडे नीट झोपले नाहीये. मला ल्युपस झालाय का?

ताई, सरळ उत्तर आधी देते. या एका रिपोर्टवरून ल्युपस (इम्युनिटी आपल्याच सांधे, कातडी, किडनीवर उठते तो आजार) आहे असं कुणीच म्हणू शकत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाहीये, मी कित्येक वर्षं याच टेस्टच्या काचा बघतेय म्हणून म्हणतेय.

टेस्ट कशी होते ते सांगते, म्हणजे तो आकडा काय बोलतो ते कळेल. काचेच्या पट्टीवर माणसाच्या पेशी वाढवून चिकटवलेल्या असतात. तुमचं रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी वर राहतं ते सीरम, ते पातळ करून त्या पेशींवर टाकायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. पेशीच्या केंद्रकाला चिकटणारी अँटीबॉडी, म्हणजेच एएनए, तुमच्या सीरममध्ये असेल तर ती धुतली तरी निघत नाही, तिथेच बसून राहते. मग वरून दुसरी एक अँटीबॉडी टाकतात, ती माणसाच्या अँटीबॉडीला पकडते आणि तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावले की काळ्यावर हिरवे गोल दिसतात, कधी अख्खा गोल सारखा उजळलेला, कधी आत बारीक बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे तुमचं स्पेकल्ड. आणि १:८० म्हणजे सीरम ८० पट पातळ केलं तोवर चमक दिसली, त्यापुढे गेली.

आता हे बघा. १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लॅबनी मिळून धडधाकट माणसांची हीच टेस्ट केली होती. १:४० ला शंभरातले सुमारे ३२ जण पॉझिटिव्ह, १:८० ला सुमारे १३, आणि १:१६० ला ५. यातल्या कुणालाच असा आजार नव्हता! म्हणजे आपल्याच पेशीला चिकटेल अशी अँटीबॉडी थोड्या प्रमाणात खूप जणांच्या रक्तात फिरत असते, वय वाढलं की वाढते, एखादं इन्फेक्शन होऊन गेलं की काही दिवस दिसते, थायरॉइडवाल्यांमध्ये तर बऱ्याचदा सापडते. ल्युपसच्या जवळपास सगळ्या पेशंटची एएनए पॉझिटिव्ह असते हे खरं, पण ज्यांची एएनए पॉझिटिव्ह आहे त्यातल्या बहुतेकांना ल्युपस नसतो. नेटवर पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात असतं, दुसरं सापडतच नाही, आणि त्यापायी किती जणांची झोप जाते ते मला दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००३ मध्ये अमेरिकन सैन्यात साठवून ठेवलेल्या जुन्या सीरमवर एक अभ्यास छापून आला. ज्या १३० जणांना पुढे ल्युपस झाला त्यातल्या ८८ टक्के लोकांच्या रक्तात आजाराचं निदान होण्याआधीच कुठली ना कुठली अँटीबॉडी सापडली, काहींच्या तर नऊ वर्षं आधी. याचा अर्थ मी असा घेते की अँटीबॉडी असणं आणि आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मध्ये अजून काहीतरी घडावं लागतं. म्हणून घाबरायचं नाही, पण रिपोर्ट फाइलमध्ये घालून विसरायचंही नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना एकदा भेटा. ते विचारतील की सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे येतात का, तोंडात फोड येतात का, गार पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात का. लघवीत प्रोटीन जातंय का ते बघतील, सीबीसी करतील, गरज वाटली तर डबल स्ट्रँड डीएनएची अँटीबॉडी आणि सी३, सी४ (इम्युनिटीची दोन प्रोटीनं) सांगतील. एएनए मात्र दर दोन महिन्यांनी परत परत करू नका, तिचा आकडा थोडा वरखाली झाला तर त्यातून काही कळत नाही.

प्रश्न : मला आमवात आहे, ५८ वय. डॉक्टर म्हणतात इम्युनिटी दाबायची गोळी घ्या, घरचे म्हणतात इम्युनिटी वाढवायची पावडर घ्या. माझी इम्युनिटी नक्की कमी आहे का जास्त?

काका, प्रश्नातच गोची आहे. इम्युनिटी ही टाकीतल्या पाण्यासारखी एकच पातळी नसते की कमी झाली तर भरायची आणि जास्त झाली तर काढायची. कुणावर हात उचलायचा आणि कुणावर नाही याची ओळख, आणि उचललेला हात वेळेवर खाली घेणं, या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. तुमच्या बाबतीत ओळख चुकलीये.

ही ओळख शिकवायची जागा म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागची थायमस ग्रंथी. टी सेल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथे तयार होतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते, ज्या आपल्याच पेशींना जोरात धरतात त्यांना तिथेच मारून टाकलं जातं, आणि ज्यांना काहीच धरता येत नाही त्याही मरतात. तिथे जन्मलेल्या टी सेलपैकी ९५ टक्क्यांहून जास्त बाहेर पडतच नाहीत. तरी काही चुकार निसटतात. त्यांना बाहेर आवरायला वेगळ्या टी सेल असतात, रेग्युलेटरी टी सेल म्हणतात त्यांना. जपानच्या शिमोन साकागुचींनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, आणि २०२५ चं नोबेल त्यांना मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर मिळालं. या दोघांनी त्यामागचा जीन शोधला होता. तो जीन बिघडलेली मुलं जन्मतात तेव्हा काही महिन्यांतच त्यांना डायबिटिस, जुलाब आणि कातडीचा आजार एकदम होतो, कारण आवरणारं कुणीच नसतं. हे वाचलं की लगाम किती महत्त्वाचा ते कळतं.

तुमच्या सांध्यात बी सेल अँटीबॉडी बनवतायत, टी सेल त्यांना चिथावतायत, आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ नावाचं रसायन सोडतायत ज्याने अस्तर सुजतं आणि पुढे कूर्चा आणि हाड झिजतं. डॉक्टरांची गोळी ही साखळी सैल करते. पावडर खरंच इम्युनिटी वाढवत असेल तर सांध्यातलीही वाढवेल, आणि वाढवत नसेल तर घ्यायची कशाला? घरच्यांना एवढं सांगा. आणि सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा, या आजाराच्या अँटीबॉडी आणि सिगारेट यांचं नातं पक्कं सिद्ध झालंय.

प्रश्न : मला मायस्थेनिया आहे, संध्याकाळपर्यंत पापण्या खाली येतात. आता सातवा महिना चालू आहे. बाळालाही हाच आजार होईल का?

या प्रश्नावर मला लिहायचंच होतं, कारण आई आणि बाळाच्या या नात्यातून अँटीबॉडीबद्दल जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

मायस्थेनियात अँटीबॉडी जाऊन बसते ती नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे. नसेचा निरोप घ्यायला स्नायूवर जे रिसेप्टर असतात तेच ती अडवते आणि हळूहळू कमी करते. सकाळी निरोप पुरतो, दिवसभर वापरून वापरून तो अपुरा पडायला लागतो, म्हणून संध्याकाळी पापणी जड. आणि ही अँटीबॉडी आयजीजी प्रकारची असते. आयजीएम हा दुसरा प्रकार वार (प्लॅसेंटा) ओलांडत नाही, आयजीजी ओलांडते, नुसती ओलांडत नाही तर वारेतल्या पेशी तिला धरून मुद्दाम पलीकडे नेतात. बाळाला जन्मानंतर पहिले काही महिने जे संरक्षण असतं ते आईकडून असंच आलेलं असतं. त्याच वाटेने तुमची ही अँटीबॉडीही जाते, वार निवड करत नाही.

साधारण १० ते २० टक्के बाळांना जन्मल्यावर काही तासांत, फार तर तीन दिवसांत, तात्पुरता अशक्तपणा दिसतो. मी शिकत असताना बघितलेलं असं एक बाळ मला अजून आठवतं, तोंड उघडून रडत होतं पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, दूध ओढायला घेतलं की चार घोटांत दमायचं आणि ओठांच्या कोपऱ्यातून दूध बाहेर. त्याची आई सारखी म्हणत होती माझ्यामुळे झालं. पण बाळ स्वतः ती अँटीबॉडी बनवत नव्हतं! आयजीजी रक्तात तीन एक आठवड्यांत निम्मी होते, मग अजून निम्मी, तसतसं बाळ सुधारलं, आणि दुसऱ्या महिन्यात आवाज अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असा. बहुतेक बाळं अशीच काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पूर्ण बरी होतात.

त्यामुळे बाळंतपण जिथे नवजात बाळांचा आयसीयू आहे तिथेच करा, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना आजार सांगून ठेवा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच. एक गोष्ट खास लिहून घ्या, गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांची भीती असते तेव्हा मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात, मायस्थेनियात ते धोक्याचं असतं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

जाता जाता एक सांगते. रक्तातल्या अशा काहीतरी गोष्टीने आजार होतो हे एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर सिद्ध केलं होतं. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन यांनी प्लेटलेट कमी होण्याचा आजार असलेल्या पेशंटचं रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट जवळजवळ संपल्या, अंगावर लाल ठिपके उठले, आणि पाचेक दिवसांत सगळं पूर्ववत झालं. त्या बाळासारखंच, उसनी अँटीबॉडी संपली की आजार संपला. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि देऊही नये.)

प्रश्न : एकदा डेंग्यू झाला की परत होत नाही असं ऐकलं होतं. मग दुसऱ्यांदा जास्त सिरियस होतो असंही म्हणतात. अँटीबॉडी असताना आजार वाढतो कसा?

दोन्ही ऐकलेलं अर्धं अर्धं खरं आहे. डेंग्यूचे व्हायरस चार प्रकारचे. ज्या प्रकाराने पहिल्यांदा झाला त्याच्यापासून बहुतेक आयुष्यभर संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून फक्त काही महिने.

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या. पहिल्या वेळची अँटीबॉडी दुसऱ्या प्रकारच्या व्हायरसला चिकटते तर खरी, पण त्याला निकामी करेल इतकी घट्ट बसत नाही. आता अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वायसारखा, वरचे दोन हात जंतूला धरायला आणि खालची शेपटी आपल्या पेशींसाठी. मॅक्रोफेज आणि त्यांच्या जातीच्या पेशी ती शेपटी दिसली की ओढून आत घेतात, जंतू खाऊन टाकणं हे त्यांचं कामच. पण डेंग्यूला नेमकी हीच पेशी वाढायला हवी असते. म्हणजे जिवंत व्हायरस अँटीबॉडीचं बोट धरून आत जातो आणि आत त्याची पैदास होते. स्कॉट हॉल्स्टेड यांनी १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये बघितलं की गंभीर डेंग्यूची मुलं दोन गटांतली आहेत, एक दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली, आणि दुसरी एक वर्षाच्या आतली पहिलीच वेळ असलेली बाळं. या बाळांना अँटीबॉडी कुठून आली? आईकडून, वारेतून, आणि ती अर्धी उतरली की नेमका धोका. अँटीबॉडी भरपूर असेल तर वाचवते, अजिबात नसेल तर हा मार्ग बंद, मधल्या पातळीला घात होतो.

तरीही दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेकांना गंभीर आजार होत नाही, हे विसरू नका. फक्त ताप उतरायला लागला की निर्धास्त होऊ नका, खरा धोक्याचा काळ तोच. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा बेचैनी, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, पण बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होणं हे जास्त घातक, म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट बघतात आणि सलाइन मोजून देतात. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीचा घसा दुखून बरा झाला, तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग घोटा. आता हृदयाच्या व्हॉल्व्हला सूज आहे म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि तेही अनेक वर्षं. घसा बरा झालाय तर इतकी वर्षं कशाला?

दादा, इंजेक्शन किती दुखतं ते मला माहितीये आणि मुलगी रडते तेव्हा तुम्हाला काय वाटत असेल तेही कळतं, पण एकही डोस चुकवू नका.

या आजाराला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. स्ट्रेप नावाच्या जंतूच्या अंगावर एम प्रोटीन असतं आणि त्याचे काही भाग हृदयाच्या स्नायूतल्या प्रोटीनसारखे दिसतात. जंतूसाठी बनलेली अँटीबॉडी आणि टी सेल व्हॉल्व्हपर्यंत पोचतात आणि फसतात. हे सगळं तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून घसा बरा झाल्यावर त्रास सुरू होतो. हा आजार सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो असं आम्हाला शिकताना सांगायचे, सांधे कोरे बरे होतात, व्हॉल्व्हवर मात्र वण राहतो. स्ट्रेप परत घशात आला की शरीराला जुनी चूक लगेच आठवते आणि वणावर वण चढतो. इंजेक्शन अँटीबॉडी कमी करायला नाहीये, जंतूला परत घशात शिरूच द्यायचं नाही यासाठी आहे. हृदयाला लागलेलं असेल तर किमान दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. घरातल्या बाकी मुलांचा घसा ताप येऊन दुखायला लागला तर लगेच दाखवा, नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर हा आजार बहुतेक टळतो.

इन्फेक्शनमधून अशी चूक होण्याची उदाहरणं अजून आहेत. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झाल्यावर काहींना होणारा गियां बारे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) हे एक, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदींवरून दिसलं की एपस्टीन बार व्हायरस होऊन गेल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर इम्युनिटी उठते त्या आजाराचा) धोका ३२ पट वाढतो. उलटंही घडतं. २०२० मध्ये कोविडने जीवावर बेतलेल्या ९८७ पेशंटमधल्या १० टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध (व्हायरस आल्याची सूचना देणाऱ्या प्रोटीनविरुद्ध) अँटीबॉडी सापडली, म्हणजे व्हायरस आल्याची पहिली हाकाटीच दाबली गेली होती.

प्रश्न : ऑटोइम्यून आजार एकाचा दुसऱ्याला लागतो का? एका ताटात जेवलं तर?

नाही. हे आजार आपल्याच इम्युनिटीने आपल्याच पेशींवर हात उचलल्यामुळे होतात, एका ताटात जेवण्याने, शिवण्याने, एकत्र राहण्याने, कशानेच लागत नाहीत. कुणी घरात वेगळं ताट ठेवत असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : आमवातासाठी टीएनएफचं इंजेक्शन सुरू करायचंय, तर डॉक्टर टीबीची टेस्ट आणि छातीचा एक्स-रे मागतायत. मला खोकला सुद्धा नाही. उगाच खर्च का?

उगाच नाही. टीबीचा जंतू खूप जणांच्या फुप्फुसात झोपून असतो, मॅक्रोफेज आणि टी सेल त्याच्याभोवती गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतात, वर्षानुवर्षं. ही गाठ टिकवायला जे रसायन लागतं ते टीएनएफ, तेच जे तुमचे सांधे सुजवतंय. इंजेक्शनने सांधे मोकळे होतात आणि गाठही सैल होते. ही औषधं आल्यावर २००१ मध्येच अशा टीबीच्या केसेस लक्षात आल्या. झोपलेला टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या सुरू करतात आणि साधारण महिन्याभराने इंजेक्शन देता येतं. हिपॅटायटिस बी ची टेस्टही याच कारणाने करतात, तीही करून घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. गुडघ्याला लागलं तिथे पू झाला. आजी म्हणते खराब रक्त आहे, बाहेर पडू दे. पू म्हणजे खरंच खराब रक्त का?

बाळा, मस्त प्रश्न. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी, त्यांनी मारलेले जंतू आणि थोडं विरघळलेलं मांस. न्यूट्रोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या सगळ्यात जास्त संख्येच्या, निम्म्याहून जास्त त्याच. रक्तात जेमतेम एखादा दिवस जगतात. तुला खरचटलं तेव्हा काही तासांत त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर आल्या, जंतू गिळले आणि तिथेच मेल्या. म्हणजे तो पू खराब रक्त नाही, तुझ्यासाठी कामी आलेल्या पेशी आहेत त्या.

आणि मरतानाही त्यातल्या काही एक अजब गोष्ट करतात, २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ती दाखवली. स्वतःच्या केंद्रकातला डीएनए उलगडून जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतू त्यात अडकतात. काम झालं की ते जाळं साफ व्हायला पाहिजे. ल्युपसच्या काही पेशंटमध्ये ते वेळेवर साफ होत नाही, उघड्यावर पडलेला आपलाच डीएनए बी सेलना दिसत राहतो आणि त्या त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतात. वर पहिल्या प्रश्नात डबल स्ट्रँड डीएनएची टेस्ट म्हटलंय ना, ती हीच अँटीबॉडी शोधते.

जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धू, पिळू नकोस. भोवतीची लाली वाढत गेली किंवा ताप आला तर आजीला घेऊनच डॉक्टरकडे जा.